चालू की वजनं उचलू?

पत्र

“डॉक्टरबाई, नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४७, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ८४ किलो. बीपीची एक गोळी चालू आहे. गेल्या वर्षी तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३ आलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड १. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, व्यायाम करा. तेव्हापासून आम्ही चौघी मैत्रिणी रोज पहाटे पाऊण तास चालतो. आठ महिने झाले. वजन उतरलं दोन किलो, एवढंच! एचबीएवनसी ६.१, रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, २३८ होतं ते १८२. जुने ड्रेस कमरेत सैल होतात, पण ते धुऊन धुऊन झाले असतील. भाचा जिमला जातो, तो म्हणतो, ‘मावशी, चालून काही होत नाही, वजनं उचल.’ आमचे हे म्हणतात, गुडघे मोडून घेशील. आता पाऊस लागला की चालणंही बंद. काय करू? चालणं सोडून देऊ का?

ता. क. नणंद म्हणते, बाईमाणसाने वजनं उचलली की अंग पुरुषी होतं. खरं का हो?”

उत्तर

बाई, नमस्कार.

सुती ड्रेस धुऊन सैल होत नाहीत, आटतात. तुमची कंबर उतरली आहे. आठ महिन्यांची कमाई तुम्ही पत्रात ‘पण’ लावून झटकून टाकलीत, म्हणून आधी तेच सांगते.

दुसरी गोष्ट ट्रायग्लिसराइडची. २३८ वरून १८२ म्हणजे ५६ अंकांनी खाली. १५०च्या आत यायला हवं, तेव्हा काम संपलेलं नाही, पण हा आकडा आपोआप उतरत नाही. एचबीएवनसीतल्या ०.२च्या फरकावर मात्र मी उड्या मारणार नाही, एवढा फरक लॅबच्या चढउतारातही बसतो. दिशा बरोबर आहे, इतकंच म्हणू.

वजनकाट्याचं असं आहे की तो चरबी, स्नायू, हाडं, पाणी आणि सकाळचा चहा सगळं एकत्र तोलतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी ही खरी उपद्रवी. व्यायामाने ती थोडी आधी हलते, कधी कधी काटा जागचा ढळलेला नसतानाही. ती हलली की यकृत सुधारतं, ट्रायग्लिसराइड उतरतं, इन्सुलिनचं काम सोपं होतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच चाललेलं दिसतं. पुढच्या वेळी शिंपीणबाईची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. तुमची शंभरीच्या आसपास असेल असा माझा अंदाज आहे. घाबरू नका, तीन महिन्यांत तीन-चार सेंटीमीटर कमी झाले तरी मी पेढे मागेन. (साखर नसलेले.)

आता भाच्याकडे वळू. पोरगा अर्धा बरोबर आहे. वजनं उचल हे त्याचं म्हणणं बरोबर, चालून काही होत नाही हे साफ चूक. ही अर्धी बाजू माझ्याही डोक्यात फार उशिरा शिरली, हे कबूल करते. वीसेक वर्षं मी प्रत्येक जाड पेशंटच्या कागदावर ‘रोज चाला’ असं लिहून मोकळी व्हायचे. मग एका चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला मी स्टुलावर चढले. कवंडळं, नारळाची पेंड, सुपाऱ्यांचा घड, सगळं खालून एकेक वर येतंय आणि मी हात वर करून बांधतेय. पाच मिनिटांत दंड थरथरायला लागले. मी रोज चार किलोमीटर चालणारी बाई! पाय तयार होते, वरचं अर्धं अंग रिकामं. उरलेली माटोळी पुतण्याने बांधली आणि वर मला सल्लाही दिला.

स्नायूंचा साखरेशी संबंध काय, ते सांगते, कारण ‘वजनं’ म्हटलं की लोकांना फक्त दंडाच्या बेटकुळ्या आठवतात. आपण भात जेवलो की रक्तात साखर चढते. इन्सुलिन ती पेशींत ढकलतं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. स्नायू म्हणजे साखरेचं कोठार. पोट सुटलेल्या माणसात या कोठाराचं दार गंजलेलं असतं, इन्सुलिन ठोठावत राहतं, दार किलकिलंच उघडतं. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन पाठवतं, आणि असं वर्षानुवर्षं चालल्यावर तेही दमतं. उंबरठ्यावर असणं म्हणजे हेच.

व्यायामाची गंमत अशी की स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिन नसतानाही साखर आत घ्यायचा दुसरा दरवाजा उघडतो. ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनचा दरवाजा नेहमीपेक्षा सहज उघडतो, मग परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी दोन तास चालून सोमवार ते शनिवार खुर्चीत बसणं फारसं उपयोगी नाही. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

यात चालणं काय करतं? ते कोठारातला माल खर्च करतं, चरबी जाळण्याची स्नायूंची ताकद वाढवतं, हृदयाला आणि रक्तदाबाला हात देतं. वजनं उचलणं काय करतं? कोठार मोठं करतं, निदान लहान होऊ देत नाही. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात, बायकांमध्ये पाळी जायच्या सुमाराला ते जास्त जाणवतं. तुम्ही नेमक्या त्याच वयात आहात. त्यात आपल्याकडच्या लोकांचा स्नायूंचा पाया मुळात तोकडा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. बाहेरून दोघेही सडसडीत. म्हणून तर भारतीयांसाठी इंडेक्स २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा, असं धरतात. तुमचा ३४.५ येतो.

दोन्ही व्यायाम एकत्र केले तर खरंच जास्त फायदा होतो का, हे मोजून पाहिलेलं आहे. कॅनडात २५१ मधुमेही लोकांना चार गटांत वाटलं: एक गट नुसत्या ट्रेडमिल-सायकलचा, एक नुसत्या वजनांचा, एक दोन्हींचा, एक काहीच न करणाऱ्यांचा. २००७ मध्ये निकाल छापून आला. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत ट्रेडमिलवाल्यांचं एचबीएवनसी ०.५१ने उतरलं, वजनवाल्यांचं ०.३८ने, आणि दोन्ही करणाऱ्यांचं ट्रेडमिलवाल्यांपेक्षाही आणखी ०.४६ने. यावर तुमच्यासारखी हिशेबी बाई लगेच विचारेल, की अहो, दोन्ही करणाऱ्यांनी वेळही जास्तच दिला असणार! बरोबर, दिला होता. तीच शंका अमेरिकेत लुइझियानातल्या संशोधकांना आली. त्यांनी २६२ मधुमेही लोकांवर नऊ महिने प्रयोग केला आणि सगळ्या गटांचा वेळ जवळपास सारखा ठेवला. २०१०च्या त्या निकालात एचबीएवनसी ठळकपणे उतरलं ते फक्त दोन्ही व्यायाम मिसळणाऱ्यांचं, ०.३४ने. नुसतं चालणाऱ्यांत आणि नुसती वजनं उचलणाऱ्यांत थोडा उतार होता, पण खात्रीने सांगता येईल इतका नाही.

मला हा दुसरा प्रयोग जास्त आवडतो, कारण आपल्या बायकांकडे वेळ नसतो. जास्त वेळ द्या असं तो सांगत नाही, आहे तोच वेळ वाटून द्या म्हणतो. अर्थात ही माणसं मधुमेही होती आणि तुम्ही नाही. एचबीएवनसी मुळात जास्त असलं की उतरायला जागाही जास्त असते, तेव्हा ०.३४ हा आकडा वहीत लिहून त्याची वाट पाहू नका. मधुमेह नसलेल्या जाड लोकांवर ड्यूक विद्यापीठाने आठ महिन्यांचा प्रयोग केला, २०१२ मध्ये छापला. त्यात चालण्या-धावण्याने चरबी उतरली, नुसत्या वजनांनी ती फारशी हलली नाही पण स्नायू वाढले, आणि दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही मिळालं. भाच्याला हे दाखवा. चरबी उतरवण्यात तुमचं चालणं त्याच्या जिमपेक्षा पुढे आहे.

आता कृती. सात दिवस पाऊण तास चालता, ते चार दिवसांवर आणा, चाळीस मिनिटं. उरलेल्या तीन दिवशी, एक दिवस सोडून एक, पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम. म्हणजे आठवड्याला तासभर वाचलाच.

पण चालण्याचं एक विचारते, खरं सांगा. चौघी मैत्रिणी पाऊण तास चालता तेव्हा बोलता किती? कोणाच्या सुनेचं काय झालं हे सगळं सुरळीत सांगून होत असेल तर चाल मंद आहे. माझी कसोटी चवथीची आहे. एखादं वाक्य बोलता यावं, पण सलग आरती म्हणायला गेलं तर ‘सुखकर्ता दुःखहर्ता’लाच धाप लागावी. चाळीस मिनिटांतली निदान पंचवीस तरी अशी हवीत. आणि परतताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी, दोन पाव आणि एक मिरची भजी होत नसेल ना? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी चाळीस वर्षं गोव्यात राहते.

ताकदीच्या व्यायामाला जिम हवीच असं नाही. घराच्या सोप्यावर (व्हरांड्यातल्या बांधीव बाकावर) बसा, हात छातीशी घ्या आणि हाताचा आधार न घेता उठा, सावकाश बसा. बसताना धप्पकन पडायचं नाही, खरं काम तिथेच आहे. दहा वेळा. सोपो उंच असेल आणि सहज जमायला लागलं तर महिन्याभराने बुटकी खुर्ची घ्या. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंतीवरचे जोर. ते सोपे झाले की ओट्याची कड. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरला की पाच किलोचं वजन तयार: एक हात टेबलावर टेकवून वाका, पाठ सरळ, आणि विहिरीतली कळशी ओढावी तसा कॅन कमरेकडे ओढा. दोन्ही हातांना दहा-दहा. पायरीच्या कडेला पंजे ठेवून टाचा वर-खाली, कठड्याला धरून. शेवटी दोन्ही हातांत पाच-पाच किलो तांदळाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने अंगणात दोन फेऱ्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रिक्षा मिळाली नाही अशा थाटात. हे सगळं एकदा, दोन मिनिटं दम, पुन्हा एकदा.

वजन किती घ्यायचं? शेवटच्या दोन वेळा ‘आता पुरे’ वाटलं पाहिजे. दहाव्या वेळीही गप्पा मारता येत असतील तर कॅन हलका आहे. लोक चुकतात ते इथे, दोन महिने पाच किलोच उचलतात आणि मग म्हणतात फरक नाही. तुम्ही दुसरीच्या मुलांना वर्षभर एकच बेरीज घालता का?

बीपी आहे म्हणून एक महत्त्वाचं: श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, त्याने रक्तदाब एकदम उसळतो. वर्गात मोजता तसे मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून बीपी नीट आटोक्यात आहे ना ते पाहून घ्या आणि एक ईसीजी काढा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, असं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पित्त म्हणून सोडायचं नाही. चौघींपैकी कोणी मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर तिने खिशात साखर ठेवावी, कारण व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. डोस कमी करायचा का, हे तिने तिच्या डॉक्टरांना विचारावं.

यजमानांना गुडघ्यांची काळजी वाटते ती प्रेमाची आहे, पण उलटी आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. पहिल्या आठवड्यात मांड्या आणि दंड दुखतील, जिना उतरताना रडू येईल, ते दोन दिवसांत जातं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा गुडघा सुजला तर मात्र कमी खाली बसा, खुर्ची उंच घ्या, आणि तरी दुखलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पावसाचं काय? आपल्याकडे जून ते सप्टेंबर म्हणजे व्यायाम सोडायचं छापील कारण. ताकदीचा भाग तर घरातच आहे. चालण्याऐवजी व्हरांड्यात जागच्या जागी गुडघे उचलत पावलं टाका, शाळेचा जिना असेल तर सुट्टीनंतर दहा मिनिटं चढ-उतार करा, किंवा जेवल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिरा. ही शेवटची गोष्ट पावसाळ्यापुरती ठेवू नका. जेवल्यानंतर लगेच सावकाश चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि आपल्या शीत-कडीच्या (भात-आमटीच्या) ताटानंतर तिची गरज सगळ्यात जास्त.

ताटाबद्दल थोडंसंच बोलते, कारण तुम्ही विचारलेलं नाही. व्यायामाने आरोग्य पुष्कळ सुधारतं, वजन मात्र थोडं उतरतं. काटा खाली न्यायचा असेल तर ताटाला हात लावावा लागेल: शीत एक वाटी कमी, पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई, आणि शाळेतून आल्यावरचं फरसाण बंद. नुस्तें (मासे) सोडू नका, रव्यात तळण्याऐवजी कडीतलं किंवा तव्यावर थोड्या तेलात खा. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात आणि ती बांगड्यात, तिसऱ्यांत, अंड्यात भरपूर आहेत. श्रावणात शिवराक (शाकाहारी) असाल तेव्हा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), चवळी, दही. भाच्याच्या डब्यातली पावडर नको.

आणि नुसत्या डाएटच्या मोहात पडू नका. पासष्टीपुढच्या १६० लठ्ठ माणसांवरचा अमेरिकेतला एक प्रयोग २०१७ मध्ये आला. तुलनेसाठीचा एक गट सोडून बाकी सगळ्यांना कमी खायला देऊन वजन उतरवलं. जोडीला फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांनी चरबी सोडून उरलेलं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, ५ टक्के गमावलं. वजनं उचलणाऱ्यांनी २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांनी ३. आणि उठणं, बसणं, जिना चढणं यांत सगळ्यात जास्त सुधारले ते दोन्ही करणारे. उपास करून आठ किलो उतरवणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्यांचे गाल बसलेले असतात आणि साध्या खुर्चीतून उठताना हात टेकतात.

हल्ली कोणी मला म्हणतं की आपल्या आज्या कुठे जिमला जायच्या. खरंय, त्या गुडघाभर चिखलात लावणी करायच्या, डोक्यावरून भारे आणायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या. आज ज्याला संयुक्त व्यायाम म्हणतो तो त्यांचा दिवसच होता. पण त्या अर्धपोटीही असायच्या, आणि पन्नाशीत कंबर धरून चालायच्या. आपल्याला त्यांचं काम हवंय, त्यांचे हाल नकोत. आपण शेत सोडलं, बसायला स्कूटर आली, ताट मात्र शेतावरच्या बाईचंच राहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. तेव्हा उंबरठ्यावर तुम्ही एकट्या उभ्या नाही, रांग आहे.

तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, एचबीएवनसी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) पुन्हा करा. कमरेचं माप, सोप्यावरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता ते, आणि वजन, याच क्रमाने वहीत लिहून मला कळवा.

राहिली नणंदेची शंका. पुरुषी अंगाला पुरुषी हार्मोन लागतं, ते बायकांच्या अंगात अगदी थोडं असतं. त्यामुळे पाच किलोच्या कॅनने दाढी फुटत नाही. नणंदबाईंना एक दिवस अंगणात बोलवा, तांदळाच्या दुसऱ्या दोन पिशव्या त्यांच्या हातात द्या आणि दोघी मिळून फेऱ्या मारा.